ब्रदर लायलचं झोंबरं तेल

"आला! वास आला!" ऑर्व्हिल टीग स्टेजवरून ओरडला आणि प्रार्थनासभेच्या तंबूतली चारशे माणसं रडायलाच लागली. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून डोक्यावर पडल्यापासून ऑर्व्हिलला कशाचाच वास येत नव्हता. प्रार्थनेनं आजार बरे करणाऱ्या ब्रदर लायलनं त्याच्या नाकाखाली 'पवित्र तेल' चोळलं, कपाळावर थाप मारली, आणि झालं काम!

"आता अविश्वासाची खूण फेका!" ब्रदर गरजला. कुणी कुबड्या फेकल्या. ऑर्व्हिलनं स्वयंपाकघरातला गॅस अलार्म उखडून आणला होता, तो फेकला.

अहो, तो अलार्म मीच हट्टानं बसवून घेतला होता! आमच्या केंटकीतल्या गावात डॉक्टर हॅस्केलबाई मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, त्यांचं सगळं संशोधन वासावर. मी त्यांची नर्स. टीगांकडे जुनी गॅसची शेगडी, आणि लेक कामावर गेली की तान्ही नात ऑर्व्हिलच्याच ताब्यात.

मी डॉक्टरांना सांगितलं. पुढच्या रविवारी बाई तडक तंबूत!

"ऑर्व्हिल, सगळ्यांसमोर पुन्हा हुंगाल?"

"हुंगतो की! देवाच्या कामात भीती कसली?"

डोळे बांधले. डॉक्टरांनी आधी ब्रदरचंच तेल धरलं. "हे बघा! गार लागतंय, झोंबतंय!" ऑर्व्हिल म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट. मग ताजी कॉफी धरली.

"धरलंय का काही?" ऑर्व्हिलनं विचारलं.

"विश्वास डळमळतोय त्याचा," ब्रदर घाईघाईनं म्हणाला.

"अहो ब्रदर, कॉफी हुंगायला कसला डोंबलाचा विश्वास लागतो?" मागून एक म्हातारी बोलली.

गॅस कंपनी बिलाबरोबर एक कार्ड पाठवते, नखानं खरवडलं की गळक्या गॅसचा वास येतो. डॉक्टरांनी तसली मूठभर कार्डं खरवडली. पुढच्या रांगेनं नाकं दाबली. गॅस सुटला समजून दोघं तोंडावर रुमाल धरून दाराकडे सटकले.

ऑर्व्हिल मात्र हसऱ्या चेहऱ्यानं उभा. "डॉक्टर, धरा ना आता. कधीचा थांबलोय मी."

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली.

"वासाच्या नसा पडताना तुटल्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पण कांदा चिरताना जिच्यामुळे डोळे झोंबतात, ती चेहऱ्याची नस वेगळी. ती धड आहे. या तेलात पेपरमिंट आणि कापूर आहे. ते झोंबतं, आणि माणसाला वाटतं वास आला. ऑर्व्हिल, मला माफ करा."

"सैतानाची विद्या!" ब्रदर किंचाळला. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, कारण ऑर्व्हिलची बायको नडीन उभी राहिली होती.

"परवा सूप उतू जाऊन शेगडी विझली," ती म्हणाली. "मी घरी आले तर घरभर गॅस, आणि तू नातीला मांडीवर घेऊन गाणं म्हणत होतास. मी खिडक्या उघडल्या. गप्प बसले. म्हटलं, एवढा आनंदात आहे, कशाला मोडू?"

ऑर्व्हिल स्टेजच्या कडेला बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

देव मानायचा तर खुशाल माना. पण कुणी चमत्कार झाला म्हणालं, तर आधी डोळे बांधून तपासा. आणि घरात खिडकी उघडायची वेळ आली, तर ती का उघडली हे मोठ्यानं सांगा.