समुद्रघोड्याची पिशवी

सपना गेली त्या दिवशी मी दोंडाईच्याच्या आठवडे बाजारात जिलबी वाटत होतो.

सकाळी सासुरवाडीहून फोन आला होता. बोलणारे तोतारामनाना, सपनाचे चुलते. "पोरगी झाली, लवकर या." मी विचारलं, सपना कशी आहे? ते म्हणाले, "झोपलीय." माझं सुक्या मासळीचं दुकान मी शेजारच्या नूर महंमदचाचांवर सोडलं, जिलबी आणली, आजूबाजूला वाटली, स्वतःही खाल्ली. बस स्टँडवर पोचलो तेव्हा दुसरा फोन आला. मेहुणी शिल्पा होती. रडत रडत तिनं सांगितलं. सपना पहाटेच गेली होती आणि नानांना ते माहीत होतं.

नंतर नाना मला म्हणाले, "वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत, जावईबुवा. तुम्ही वाटेत काही करून घेतलं असतं."

मी नानांना माफ केलेलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आमच्याकडे रीत. सपना धरणगावजवळच्या तिच्या गावी गेली. तिथं तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. फोनवर म्हणाली, "डोकं ठणकतंय हो. डोळ्यांपुढं चमकतं." मी सासूबाई पार्वताबाईंना म्हणालो, मी येतो, तिला जळगावला दाखवू.

पार्वताबाई म्हणाल्या, "पहिलटकरणले व्हसच असं. आम्ले पोरे व्हयनात नही का? जावयानी यामा पडू नही."

शिल्पा धुळ्याला नर्सिंग शिकते. तिनंही सांगितलं की हे दुखणं साधं नाही. सासूबाई तिला म्हणाल्या, दोन बुकं शिकली आणि आईला शिकवायला निघाली. सपनाला झटके आले तेव्हा घरचे गाडी शोधायला धावले. जळगावच्या दवाखान्यात पोट फाडून पोरगी काढली. पोरगी जगली.

मी समुद्र पाहिलेला नाही. सपनानंही पाहिला नाही. आमच्याकडे समुद्र पोत्यात भरून येतो. सुकट, बोंबील, कधी सोडे. धुळ्याच्या घरी सपना सुकट सुपात घेऊन निवडायची. त्यात खडे, शिंपल्यांचे तुकडे, चुकून आलेली बारकी खेकडी निघायची. एकदा एक समुद्रघोडा निघाला. वाळून काडी झालेला, पण पोट फुगीर. तिनं तो पावडरच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि फोनवर समुद्रातल्या जनावरांचे व्हिडिओ बघायला लागली. तेव्हा तिला दिवस गेले होते.

"अहो, हा नर आहे," ती म्हणाली. "मादी याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते. पिल्लं हा वाहतो. बाळंतपणही याचंच."

"मग मादी काय करते?"

"बाजाराला जाते."

ती इतकी हसली की सूप कलंडलं. दुसऱ्या दिवशी तिनं ही गोष्ट नूर महंमदचाचांना सांगितली. तेव्हापासून चाचा मला घोडा म्हणायला लागले.

पण ती गंमत नुसती गंमत नव्हती. आमचं ठरलं होतं. सव्वा महिना झाला की मी तिला आणायचं, मग दुकानावर ती बसणार आणि मी पोर सांभाळणार. गिऱ्हाइकाशी बोलणं तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. ती एवढंच म्हणाली होती, "घोडा पिल्लं बाहेर सोडतो आणि नंतर ढुंकून बघत नाही. तुम्ही तसं करू नका."

ऑक्टोपसचा व्हिडिओ मात्र तिनं अर्ध्यात बंद केला. ती मादी अंडी राखत बसते, काही खात नाही, आणि पिल्लं बाहेर पडतात तेव्हा मरते. सपना म्हणाली, "हे नको बघायला."

सपनाच्या जलदान विधीला तिच्या माहेरी सगळे जमले. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण बोलायला उभा राहिला. तोतारामनाना म्हणाले, "आमच्या सपनानं लेकरासाठी प्राण दिला. आईपण यालाच म्हणतात." बायका डोळे पुसायला लागल्या. पार्वताबाईंनीही पदर तोंडाला लावला.

माझं डोकं फिरलं. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "तिनं काही दिलेलं नाही. तिला जगायचं होतं. ऑक्टोपसची मादी मरते, कारण तिचा जन्मच तसा आहे. सपनाला कुणी वेळेवर गाडीत घातलं असतं तर ती आज इथं बसली असती."

"ऑक्टोपस?" कुणीतरी म्हणालं. "येडा व्हयना का काय हाऊ?"

माझी बहीण कमलबाई मला धरून मागच्या खोलीत घेऊन गेली. नाना आणि पार्वताबाई पाठोपाठ आले. मला वाटलं, आता हे माफी मागतील. त्यांनी दुसरंच काढलं.

"झालं ते झालं," नाना म्हणाले. "आता पोरीचं बघायला पाहिजे. शिल्पा आहे. सख्खी मावशी आहे. तुम्ही शिल्पाला करून घ्या आणि पोरगी घेऊन जा."

"आणि नाही केलं तर?"

पार्वताबाई म्हणाल्या, "मंग पोर आठेच ऱ्हाई. माणूसले पोर सांभाळता येस का?"

मी कमलबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "यादव, त्या बरोबर बोलतायत. कधी ना कधी करणारच ना तू? मग घरातलीच बरी." म्हणजे हिच्याशी आधीच बोलणं झालं होतं. सपना जाऊन किती दिवस झाले होते, आणि हे तिघं तिच्या जागी माणूस बसवून मोकळे!

"शिल्पाला विचारलं का?" मी म्हणालो.

"तिला काय विचारायचं?"

शिल्पा दारात उभी होती. तिच्या हातात बाळ होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. ती आईला म्हणाली, "ताईलापण तू कधी काही विचारलं नाहीस." मग सरळ माझ्याकडे आली आणि बाळ माझ्या हातात दिलं. "मान धरा, जिजाजी. अशी. पाणी उकळूनच वापरायचं. दूध पाजून झालं की खांद्यावर घ्यायचं, ढेकर येईपर्यंत. रविवारी मी येऊन बघेन."

"शिल्पे!" पार्वताबाई ओरडल्या.

"मला नर्स व्हायचंय," शिल्पा म्हणाली.

मी तिथून निघालो. नाना दारापर्यंत मागे आले, लोक काय म्हणतील ते सांगत. मी म्हणालो, "लोकांना फोनवर सांगा, नाना. झोपलीय म्हणून सांगा." मला आणखी बोलायचं होतं, पण पोरगी रडायला लागली.

एरंडोलहून धुळ्याच्या बसमध्ये एका बाईनं सरकून मला खिडकीची जागा दिली आणि सगळ्या रस्त्याभर विचारलं, आई कुठंय. मी पोरीची मान धरून बसलो.

आता पोरगी माझ्याजवळ आहे. सपनाच्या जुन्या लुगड्याची झोळी करून मी तिला पोटाशी बांधतो आणि बाजाराला नेतो. सुकटाच्या वासानं तिला काही होत नाही. पहिल्या दिवशी भाजीवाल्या लताबाई टोपली टाकून बघायला आल्या.

"यादवभाऊ, आंडेर शे का, लेक? बठ्ठा बाजार तुम्हाकडेच पाही ऱ्हायना. माय कोठे शे?"

"माय नाही," मी म्हणालो.

त्या परत फिरल्या. जाऊन गिऱ्हाइकांवर खेकसल्या, "काय पाही ऱ्हायनात? पोर पाही नही का कधी?"

नूर महंमदचाचा तराजू पुसत होते. त्यांनी माझ्या पोटावरची झोळी बघितली आणि सवयीनं म्हणाले, "आला का घोडा?" म्हणाले आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मला राग आला नाही. इतक्या दिवसांत तेवढाच एक शब्द असा होता, ज्यावर मला राग आला नाही. चाचांच्या घरून सकीनाचाचींनी दुधासाठी थर्मास पाठवला होता, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

रविवारी शिल्पा येते, पोरीला बघते, आणि मी बाटली नीट उकळत नाही म्हणून मला बोलते. घरी तिला या येण्यावरून शिव्या मिळतात. पार्वताबाई आलेल्या नाहीत. आल्या तर मी दार उघडीन की नाही, मला माहीत नाही.

आमच्याकडे बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. मला बहीण एकच. कमलबाईला मी तीनदा बोलावलं. ती म्हणते, आधी शिल्पाला हो म्हण, मग पाळणा बांधू. मी हो म्हणणार नाही आणि ती येत नाही. चाचा म्हणतात, तूच सांग की कानात. ते मला करवत नाही. सपनानं नाव ठरवलं होतं का, तेही कुणाला ठाऊक नाही. मला ती म्हणाली होती, आल्यावर सांगते.

पोरीचं नाव अजून ठेवलेलं नाही.