सासूबाईंच्या गालिच्यावरची परीक्षा

म्हशीच्या पोटातून घरघर यायला लागली की आधी बटण बंद करायचं आणि मग काय करायचं ते करायचं, असं गालिचेवाल्याला त्याच्या बायकोने हजारदा बजावलं होतं. म्हैस म्हणजे त्यांचा जुना व्हॅक्युम क्लीनर. ऑफिसांतले, दवाखान्यांतले, लोकांच्या घरांतले गालिचे साफ करून द्यायचा नवराबायकोचा धंदा या म्हशीच्याच जिवावर उभा राहिला होता. तिचं एक चाक तारेने बांधलेलं होतं, पाईपला जागोजागी चिकटपट्टी होती, आणि ती हंबरायला लागली की समोरचा माणूस हो म्हणतोय की नाही, हे त्याच्या मानेवरून ओळखावं लागायचं.

त्या दिवशी एका वकिलांच्या ऑफिसात काम चाललं होतं. बायको बाहेर जिन्यावरचा गालिचा ब्रशने घासत होती, आत हा म्हैस फिरवत होता. घरघर सुरू झाली. त्याने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. घरघर वाढली. त्याने आणखी जोरात थाप मारली, आणि म्हैस शिंकली. आतली पिशवी फुटली, मागचं झाकण उडालं आणि वकिलांच्या गालिच्यातून निघालेली सगळी धूळ एका दमात खोलीत परतली. वकीलसाहेब नेमके तेव्हाच दार उघडून "झालं का हो?" विचारायला आले होते. ते तोंड उघडं ठेवूनच उभे राहिले. काळा कोट राखाडी, मिशा राखाडी, पापण्याही राखाडी.

"झालं," गालिचेवाला म्हणाला.

बायकोने हातापाया पडून वेळ मारून नेली. दोघांनी संध्याकाळपर्यंत ओल्या फडक्यांनी ऑफिस पुसलं, टेबलं पुसली, वकीलसाहेबही निम्मेअर्धे पुसून दिले. मग म्हैस मेकॅनिककडे नेली. त्याने झाकण उघडून आत डोकावलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं दोघांकडे बघितलं.

"मोटर जळली. आता हिला सोडा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेली. दुकानात एक टायवाला विक्रेता होता. दोघं आत शिरताच तो जावई घरी आल्यासारखा धावत आला. त्याने त्यांना थेट एका निळ्या, चकचकीत मशीनसमोर उभं केलं. मशीन हलकं, आवाज मांजरीच्या गुरगुरीएवढा, आणि माथ्यावर एक छोटा दिवा.

"खाली धूळ असली की दिवा लाल," टायवाल्याने समजावलं. "धूळ संपली की हिरवा. म्हणजे गिऱ्हाईक आणि तुम्ही, दोघांनाही शंका नको." त्याने मूठभर कणीक गालिच्याच्या तुकड्यावर भुरभुरली आणि मशीन फिरवलं. दिवा लाल झाला, कणीक गेली, दिवा हिरवा झाला.

गालिचेवाला त्या दिव्याच्या प्रेमातच पडला. किती वर्षं तो गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होता! साफ केलेल्या गालिच्याकडे बोट दाखवून "इथे राहिलं की" म्हणणाऱ्यांना आता नुसता दिवा दाखवायचा. वाद खलास.

बायको मात्र गुडघ्यांवर बसून मशीन उलटं करून बघत होती. "ब्रशचा पट्टा तुटला तर कुठून काढायचा?"

"तुटतच नाही, ताई."

"आणि ब्रशमध्ये केस अडकले तर?"

"अडकतच नाहीत."

"सुटे भाग ठेवता का तुम्ही?"

"लागतच नाहीत हो."

ती उठली, हात झटकले. "ते कोपऱ्यातलं काय आहे?"

कोपऱ्यात एक करडं, बसकं मशीन होतं. दिसायला अगदीच आडदांड. टायवाल्याचा चेहरा पडला. "ते होय? ते हॉटेलवाले नेतात. जड आहे. दिवाबिवा काही नाही." पण त्याचा ब्रश नुसत्या बोटांनी उघडत होता, पट्टा समोरच दिसत होता, वायर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढी लांब होती, आणि सुट्या भागांनी मागचं अख्खं कपाट भरलेलं होतं. बायको त्याच्याकडे लग्नाळू मुलीच्या आईसारखी बघायला लागली.

नवऱ्याला निळं हवं, बायकोला करडं. दुकानाचा मालक धंद्यातला जुना माणूस. तो म्हणाला, "भांडू नका. दोन्ही घरी न्या, चार दिवस वापरून बघा, एक परत आणा."

आता वापरून बघायचं कुठे? दिवसभर लोकांचे गालिचे साफ करणाऱ्या या दोघांच्या घरात उघडी फरशी होती. बायको म्हणाली, "उद्या शाळेच्या सभागृहाचं काम आहे, तिथे दोन्ही फिरवू." एवढं बोलून ती तिथल्या माणसाला भेटायला निघून गेली. पण गालिचेवाल्याला दम कुठला? त्याला दुसरी जागा सुचली. सासूबाईंचा दिवाणखाना.

बायको घरी असती, तर तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं असतं. कारण सासूबाईंचा गालिचा म्हणजे साधासुधा गालिचा नव्हता. लालजर्द, जाड लोकरीचा, आणि सासूबाईंच्या म्हणण्यानुसार त्यावर आजवर धुळीचा कण टिकलेला नव्हता. रोज सकाळी त्या स्वतः झाडणीने तो झाडत. पाहुण्यांनी चपलाच काय, मोजेसुद्धा दाराबाहेर काढावेत असा नियम होता. जावयाचा धंदा गालिच्यांचा, पण या गालिच्याला त्याचा हात कधी लागला नव्हता.

"या, जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या. "परीक्षा घ्यायचीय? घ्या की. पण माझ्या गालिच्यातून निघणार काय, कपाळ? तुमच्या मशीनचीच पंचाईत व्हायची."

खिडकीजवळच्या खुर्चीत सासरे वर्तमानपत्र वाचत होते. ते निवृत्त पोस्टमास्तर, बोलायला फार मोजके. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवरून दोन्ही मशीनांकडे बघितलं. "त्यापेक्षा बाहेरच्या ओट्यावर का नाही फिरवत?" ते म्हणाले.

"बाबा, ओट्यावर गालिचा कुठेय?"

"हं," सासरे म्हणाले आणि खुर्ची घट्ट धरून बसले.

गालिचेवाल्याने आधी निळं लावलं. दिवा क्षणभर लाल झाला आणि लगेच हिरवा. जिकडे फिरवावं तिकडे हिरवा. सासूबाईंचा चेहरा उजळला. "अगंबाई! मशीनलासुद्धा कळतं की! थांबा, थांबा, बंद करू नका." त्या तरातरा शेजारी गेल्या आणि शेजारच्या काकूंना हाताला धरून घेऊन आल्या. या काकू म्हणजे त्यांची स्वच्छतेतली जुनी सवत. कुणाच्या पातेल्याचं बूड जास्त चकचकीत, यावरून दोघींमध्ये वर्षानुवर्षं शीतयुद्ध चाललेलं.

"बघा हो, काकू. हिरवा. इकडे फिरवा, जावईबापू. हिरवा! तिकडे? हिरवा! आपण आपल्या तोंडाने कशाला सांगायचं? मशीनच सांगतंय."

"छानच," काकू म्हणाल्या, पण दात आवळून.

"हेच घ्या, जावईबापू," खुर्चीतून सासरे बोलले. त्यांनी एवढ्या उत्साहाने कुठल्या विषयात भाग घेतल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. "उत्तम मशीन आहे. आता ते दुसरं कशाला बघायचं? चहा टाक गं."

इथेच थांबला असता तर गालिचेवाल्याचा दिवस चांगला गेला असता. पण बायकोला काय सांगणार? करडं फिरवलंच नाही म्हणून? त्याने करडं मशीन ओढत आणलं, त्यात कोरी पिशवी लावली आणि बटण दाबलं.

मशीन गरजलं. खालचा ब्रश गालिच्याला असा धोपटू लागला, की शोकेसमधल्या बश्या किणकिणल्या. आणि मग ते आवाज यायला लागले. आधी वाळूची सरसर, मग बारीक खड्यांची टकटक, मग पाईपमधून काहीतरी टणकन् उडाल्यासारखं. खिडकीकडे जाऊन ते खुर्चीखाली शिरलं, तेव्हा तर गारांचा पाऊस पडल्यासारखा तडतडाट झाला. सासऱ्यांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीत घेतले.

गालिचेवाल्याने मशीन बंद केलं. पिशवी फुगून टम्म झाली होती. ती लपवावी कुठे, याचा विचार तो करतच होता, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "उघडा की. बघू तरी काय निघालं."

"नको, डॉक्टर म्हणतात धूळ श्वासात..." गालिचेवाला म्हणाला.

"उघडा," सासूबाई म्हणाल्या. 'जावईबापू' गळालं होतं.

जुनं वर्तमानपत्र पसरून पिशवी उपडी केली. ढीग पडला. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण डोळे मात्र अगदी आनंदाने मोठे केले. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "एका खोलीतून एवढं?"

सासूबाई म्हणाल्या, "हे मशीनमध्ये आधीपासूनच असणार."

"नवीन आहे, आई. पिशवी तुमच्यासमोर लावली."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही..."

"मग माझं घर घाण आहे?"

गालिचेवाल्याला वकीलसाहेबांची धूळ परवडली असती. तेवढ्यात दार उघडून त्याची बायको आत आली. घरात दोन्ही मशीनं दिसली नाहीत तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. तिने खोलीत एक नजर फिरवली. आईचा लाल चेहरा, काकूंचा खुललेला चेहरा, नवऱ्याचा पांढरा चेहरा. ती थेट ढिगाऱ्यापाशी बसली आणि बोटाने तो चिवडू लागली.

"निळ्याचा दिवा तर सगळीकडे हिरवाच होता गं," नवरा पुटपुटला.

"तो दिवा गालिच्याकडे बघत नाही," ती त्याला म्हणाली. "आपल्या पोटात किती गेलं, तेवढंच त्याला कळतं. त्या निळ्याला वरचं थोडं ओढता येतं, आतलं येत नाही. आत काही गेलंच नाही तर तो हिरवाच राहणार. उपाशी माणसाला विचारलं जेवलास का, आणि त्याने ढेकर दिला, तशातली गत."

मग तिने ढिगाऱ्यातून काहीतरी उचलून उजेडात धरलं. वास घेतला. "आई, ही माती नाहीये. हे बिस्कीट आहे."

"बिस्कीट?"

"क्रीमचं. आणि हे खारे शेंगदाणे. आणि हा चॉकलेटचा कागद. आणि हा पण. अगं, निम्मा ढीग हाच आहे."

"आमच्या घरात गोड येतच नाही," सासूबाई म्हणाल्या. "यांना साखर निघाल्यापासून मी उंबऱ्याच्या आत..."

आणि त्या थांबल्या. चौघांच्याही माना हळूहळू खिडकीकडे वळल्या. खुर्चीत वर्तमानपत्र उघडं होतं, सासऱ्यांच्या डोक्यापर्यंत वर धरलेलं.

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

वर्तमानपत्र आणखी वर गेलं.

"अहो! ते खाली करा."

वर्तमानपत्र खाली आलं. सासरे शाळकरी मुलासारखे दिसत होते. "जरासं कधीतरी," ते म्हणाले. "तू भाजी आणायला गेलीस की."

"जरासं? हे जरासं? मी रात्रंदिवस कारल्याचा रस करून घालतेय, डॉक्टरांना विचारतेय यांची साखर का उतरत नाही, आणि हे इथे, माझ्या गालिच्यावर..." गालिचेवाल्याला वाटलं, आता काही खरं नाही. पण पुढच्याच क्षणी सासूबाईंच्या काहीतरी लक्षात आलं. त्या ताठ झाल्या आणि काकूंकडे वळल्या. "बघितलंत ना, काकू? माझ्या झाडण्यात काही कमी नव्हतं. घरातच उंदीर होता."

काकूंचा आनंद मावळला. "चालायचंच," त्या म्हणाल्या. "आमचेही असेच आहेत," असं पुटपुटत त्या निघाल्या आणि जाताना करड्या मशीनकडे जरा भीतीनेच बघून गेल्या.

त्या गेल्यावर सासूबाई मटकन खाली बसल्या. राग उतरला आणि डोळ्यांना पदर लागला. "बोलला का नाहीत हो?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कारलं नको, म्हणायचं होतं."

"तू एवढ्या कष्टाने करतेस," सासरे खाली बघत म्हणाले. "नको कसं म्हणू? पण तोंडाची चव पार गेली गं माझ्या."

गालिचेवाला उगाच वायर गुंडाळत राहिला. मग लेक उठली आणि तिने वडिलांच्या खुर्चीभोवती शोधून पुडे बाहेर काढायला सुरुवात केली. एक उशीच्या खोळीतून निघाला, एक कुंडीमागून, एक चष्म्याच्या जुन्या घरातून. शेवटी सासूबाईंनाच हसू फुटलं. "पोस्टात काय पत्रंही अशीच लपवायचात का?" आणि मग सासरेही हसले, आधी घाबरत घाबरत, मग मोकळेपणाने.

ठरलं असं, की कारलं बंद. डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं, आणि ते परवानगी देतील तेवढं सासूबाई स्वतःच्या हाताने बशीत घालून देतील. निळं मशीन परत जाईल. सासूबाईंचं त्यावर मत झालं होतं, "तोंडावर गोड बोलणारं आपल्याला नको." जावयाने मान डोलावली. दिव्याचं त्याला थोडं वाईट वाटलं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात करडं मशीन सकाळपासून दुपारपर्यंत न थांबता चाललं. मध्ये एकदा ब्रशमध्ये कुणाच्या तरी वेणीची रिबीन अडकली. बायकोने बोटांनी ब्रश उघडला, रिबीन काढली, ब्रश परत बसवला, आणि नवऱ्याला पाईप वळवायलाही वेळ मिळाला नाही, तोच काम पुढे सुरू झालं. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून त्याने मशीनच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला.

"खबरदार," ती म्हणाली.

त्याने तोच हात केसांतून फिरवला आणि मशीन पुढच्या रांगेकडे ढकललं.