वेंडेलला बोलावलं नव्हतं

एल्डन हॉगेनने घरच्या घरी विमान बांधायला घेतलं, तेव्हा अख्खं गाव म्हणालं, हिवाळा संपायच्या आत कंटाळेल. एल्डन कंटाळला नाही, पण वर्षं मात्र नऊ गेली. गॅरेजमध्ये लाकडी फासळ्यांचे पंख तयार झाले, त्यांवर कापड चढलं. ते कापड फासळ्यांना शिवायला दोन माणसं लागतात. एल्डन पंखाच्या एका बाजूला, त्याची बायको आर्लिस दुसऱ्या बाजूला, आणि लांब सुई आरपार. हे शिवणकाम चाललं त्या हिवाळ्यात त्यांची भांडणंही पंखाच्या आरपारच झाली. आता ते पिवळं विमान मक्याच्या शेताच्या कडेला, गवती धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं. शनिवारी सकाळी एल्डन ते पहिल्यांदा उडवणार होता.

विमानं बांधणाऱ्यांत एक रीत आहे. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी इतर बांधणारे येतात आणि विमानाच्या खोटी काढतात. ज्याने बांधलं त्याच्या डोळ्यांचा भरवसा नसतो. त्याला दिसतं ते त्याच्या मनातलं विमान. एल्डनला तर याची जास्तच गरज होती. सरकारी तपासनीस येऊन गेल्यावर त्याला पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या ओढणाऱ्या तारा सैल वाटल्या, म्हणून त्याने त्या सोडवून पुन्हा बसवल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी सहा-सात जण आले. शेजारच्या शेतावरचा वेंडेल तेवढा नव्हता, कारण त्याला बोलावलंच नव्हतं. वेंडेलने स्वतः तीन विमानं बांधली होती, पण जिभेला हाड नाही. मागच्या वर्षी एल्डनच्या फासळ्या बघून तो म्हणाला होता, "हे तू जोडलंस, की गाईने चघळून टाकलं?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आलेल्यांनी विमानाभोवती फेऱ्या मारल्या, पंखांवरून हात फिरवला. एकेकाने आत वाकून विमान वळवायचा दांडा हलवून पाहिला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या भागात कोणी 'वाईट नाही' म्हणालं की समजायचं, तुम्हाला डोक्यावर घेतलं. एल्डनला त्या संध्याकाळी सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. मग कॉफी आणि आर्लिसचा रूबार्बच्या आंबट देठांचा केक खाऊन मंडळी घरी गेली.

आर्लिस कप धूत होती, एल्डन पुसत होता.

"तोंड का पाडलंयस?" तिने विचारलं.

"कोणी एकही खोट काढली नाही गं."

"मग चांगलंच की!"

"कसलं चांगलं? तुला माझ्यात दिवसाला एक सापडते. आणि एवढ्या जणांना एवढ्या मोठ्या विमानात एक सापडू नये?"

"माझा केक खाऊन गेलेत ते. काय बोलतील बिचारे? वेंडेलला फोन कर."

"त्याचं नाव काढू नकोस."

"एल्डन, उद्या तू एकटा वर जाणार आहेस," ती म्हणाली आणि नळ बंद केला.

एल्डनला भीती वाटत होती, आणि तिला ती दिसली होती. तो फोन घेऊन बाहेर गेला. दोनदा घंटी वाजून वाजून थांबली. "उचलत नाही शहाणा," म्हणत तो आत आला आणि सरळ अंथरुणात शिरला.

सकाळी तो शेडवर पोचला तर वेंडेल दारात हजर, पायांत घरातल्या सपाता.

"रंग कुणी निवडला? अंडं फुटल्यासारखं दिसतंय," वेंडेल म्हणाला. मग चाकाला नावं ठेवली, खुर्चीला ठेवली. एल्डन दात-ओठ खात ऐकत होता. वेंडेलने दांडा हलवला, आणि त्याची बडबड एकदम थांबली.

"आत बस," तो हळूच म्हणाला. "दांडा धर, अंगठा वर. आता डावीकडे ने. अंगठा दाखवतोय त्या पंखाची पट्टी बघ. कुठं गेली?"

ती वर जायला हवी होती. ती खाली गेली होती. तारा उलट्या जोडल्या होत्या. एल्डन डावीकडे वळायला गेला असता तर विमान उजवीकडे कलंडलं असतं, आणि ते सावरायला दांडा जितका ओढावा तितकं आणखी कलंडलं असतं.

थोड्या वेळाने मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन उड्डाण बघायला आली. एल्डनने काही लपवलं नाही, झालं ते सांगून टाकलं. तेव्हा मायलो नावाच्या म्हाताऱ्याने टोपी काढली.

"मला काल दिसलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. आणि तुझ्याच दारात येऊन, सगळ्यांसमोर तुला कसं सांगायचं?"

त्याला कोणी बोललं नाही. त्याच्या जागी असते तर आपणही गप्पच बसलो असतो, हे प्रत्येकाला कळत होतं.

वेंडेल दिसेना, म्हणून एल्डन शेडच्या मागे गेला. तिथे वेंडेल उलट्या बादलीवर बसला होता.

"आता ऐकव काय ऐकवायचं ते," एल्डन म्हणाला. "आज तुझा हक्क आहे, बाबा."

"कसला हक्क? तू आज उडणार हे मला दुकानात कळलं होतं. मी ठरवलं होतं, बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रात्री तुझं नाव दिसलं फोनवर. म्हटलं, वाजू दे. दोन्ही वेळा वाजू दिला मी, एल्डन. ऐकत बसलो होतो."

"मग आलास कसा?"

"तिसऱ्यांदा आर्लिसचा आला. म्हणाली, तो दोनदाच करतो, मला माहीत आहे. आणि तू दोनदा उचलत नाहीस, तेही माहीत आहे."

एल्डन त्याच्या शेजारी गवतात बसला. शेडच्या कोपऱ्यावरून त्यांना आर्लिस दिसत होती. मायलो नको नको म्हणत होता, आणि ती त्याच्या हातात कॉफीचा कप देत होती.