कानावरचा शेवटचा तुकडा

मी चिकटपट्टी बोलतेय. कागदी, पांढरी, बोटभर रुंद; दवाखान्यात जखमेवरचा कापूस धरून ठेवायला वापरतात, तीच. आज माझी लांबी जेमतेम दोन बोटं उरली आहे. एवढ्याशा जिवाने आत्मवृत्त सांगायला बसावं हे जरा अतीच होतंय, मला कळतं. पण लांबलचक आयुष्य जगलेल्यांकडेही सांगण्यासारखं दोन बोटांहून जास्त नसतं, असं माझ्या पाहण्यात आलं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका बाजूने डिंक फासून मला पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलं आणि आम्हा बाराजणींना एका खोक्यात भरलं. खोक्यावर छापलं होतं, ‘त्वचेला सौम्य’. आमच्याबद्दल कुणी चार चांगले शब्द लिहिल्याचा हा एकमेव पुरावा. त्यातही दोनच शब्द होते.

माझ्या नशिबी दवाखाना नव्हता. आमचं खोकं गेलं एका खेळांच्या पार्कात, तिथल्या सर्वांत जुन्या रोलर कोस्टरच्या फाटकाशी. फाटकाजवळ एक टेबल, टेबलावर एक आरसा, एक बोथट कात्री आणि मी. टेबलामागे मावशी. तिचं खरं नाव हजेरीपत्रकाला माहीत असेल, बाकी कुणाला नव्हतं. गाडीत बसायला येणाऱ्यांचे कान, नाक, भुवया तपासायच्या, हे तिचं काम. ‘लोंबतं ते काढायचं, निघत नाही ते झाकायचं’ हा तिचा कायदा.

“या रिंगा काढ गं.”

“मावशी, पाचच मिनिटं तर बसायचंय!”

“कान फाटायला पाच मिनिटं लागत नाहीत. मान हलली, रिंग खांद्यावरच्या दांड्याच्या गादीत अडकली, की संपलं. काढ, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेव. खिशात नको. वर गेल्यावर खिसा उलटा होतो.”

ज्यांचं टोचणं ताजं असे, त्यांचा दागिना काढून चालत नसे, भोक बुजतं. त्यांच्यासाठी मी होते. एकदा एक मुलगी टेबलावर वाकून पुटपुटली, “मावशी, एक बेंबीलापण आहे.”

“बेंबीला?”

“हळू बोला ना, मागे आई उभी आहे!”

मावशीने मान वर केली नाही, पण आवाज वाढवला. “पोटात मुरडा मारतोय म्हणतेस? ये, इकडे आडोशाला ये.” मागे उभ्या आईने काळजीने पाण्याची बाटली पुढे केली. मी त्या बेंबीवर बसून हसले. चिकटपट्टीला हसू आलं की तिची एक कड सुटते. मावशीने ती अंगठ्याने पुन्हा दाबली.

माझा तुकडा तुटला तरी त्याचं मला कळत राहतं, जसं लांब राहायला गेलेल्या लेकीचं आईला कळतं. माझा एकेक तुकडा गाडीत बसून वर जायचा, उलट्या वळशातून फिरून यायचा. उतरल्यावर लोक तो सोलायचे आणि बाहेर जाणाऱ्या वाटेच्या कठड्यावर चिकटवायचे. पहिल्यांदा हे कुणी केलं माहीत नाही. पण एकाने भिंतीवर हात पुसला की बाकीच्यांना तो नियमच वाटतो. कठडा पार पांढरा झाला होता. त्यावर हजारो तुकडे होते, कुणाला एखादा केस चिकटलेला, कुणावर घामाचा डाग. वारा सुटला की सगळे फडफडायचे.

सगळे नव्हे. काही तुकडे वाऱ्यातही हलत नसत. ते गाडीतल्या एकाच जागेवरून आलेले होते, चौथ्या रांगेतल्या डाव्या खुर्चीवरून. आणि ते बोलतही नसत.

मावशीची गोष्ट मला कठड्यावरच्या एका पिवळ्या पडलेल्या, जुन्या तुकड्याने सांगितली. मावशीच्या डाव्या कानाची पाळी खालून दुभंगलेली होती. त्यामागे हे होतं. मावशी आणि तिची ताई, अशा दोघी बहिणी. आई गेली, तेव्हा मागे सोन्याच्या रिंगांची एकच जोडी राहिली. प्रत्येक रिंगेत तीन मणी. धाकटी म्हणाली, एक तुला, एक मला. ताई म्हणाली, “बाईने काय कपासारखं एकाच कानाचं व्हायचं? जोड मोडायची नाही.” मग ठरलं, एक आठवडा हिने घालायच्या, एक आठवडा तिने. दर रविवारी अदलाबदल.

धाकटीच्या आठवड्यात धाकटी मैत्रिणींबरोबर या गाडीत बसली. चौथी रांग, डावी खुर्ची. तेव्हा फाटकाशी टेबल नव्हतं, आरसा नव्हता, काढ म्हणणारं कुणी नव्हतं. ती उतरली तेव्हा कान फाटलेला होता आणि रिंग नव्हती. ताईने कानाला हळद लावली, टाके घालून आणले, जे पुढे धरलेच नाहीत, दोन दिवस उशाशी बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “कान फाटला ते दिसतंय. रिंग काय आभाळाने गिळली? लपवलीस तू. एक तुला, एक मला, असंच तुला पहिल्यापासून हवं होतं.”

त्याला अकरा वर्षं झाली. उरलेली रिंग ताईकडे, आणि ताईचं दार बंद. धाकटीने याच फाटकाशी नोकरी धरली आणि ती सगळ्यांची मावशी झाली. रोज सकाळी पार्क उघडण्याआधी ती रुळांखालचं गवत काठीने विंचरायची. तिथे तिला चष्मे सापडले, नाकातल्या चमक्या सापडल्या, एकदा वरच्या दातांची अख्खी कवळी सापडली. कवळीचा मालक ती न्यायला आला तेव्हा तोंड मिटून हसत होता. रिंग तेवढी सापडली नाही.

मी टेबलावर आले तेव्हा फाटकावर सूचना लागली होती: दहा दिवसांनी हा खेळ कायमचा बंद, गाड्या भंगारात. म्हणजे रिंग गाडीच्या पोटात कुठे असलीच, तर गाडीबरोबर वितळणार. मावशीकडे दहा दिवस होते. माझ्याकडेही साधारण तेवढेच.

चौथ्या रांगेतल्या डाव्या खुर्चीवर मी पहिल्यांदा गेले ती एका शिक्षकाच्या कानावर. त्याच्या कानात मोहरीएवढा खडा होता, तो निघत नव्हता. साखळी खडखडत गाडी चढली, टोकावर क्षणभर थांबली, पडली. मग उलटा वळसा आला. सगळी गाडी पालथी झाली, किंचाळ्या खाली सांडल्या, आणि त्या पालथ्या क्षणी माझ्या आणि कातडीच्या मध्ये काहीतरी आलं.

ते गार होतं. गोल होतं. माझ्या अंगात रुतलं. गाडी सरळ झाली तसं ते निघून गेलं.

शिक्षकाने मला कठड्यावर चिकटवलं. माझ्यावर खडा नव्हे, एका रिंगेचा ठसा उमटला होता. रिंग, आणि तिच्यावर तीन मणी. दोन गोल, तिसरा एका बाजूने चेपलेला. त्या दिवसापासून त्या जागेवर मी कानावर गेले, नाकावर गेले, एकदा भुवईवर गेले; दर वेळी तोच ठसा. मी पहिली नव्हते. न हलणारे ते सगळे तुकडे का बोलत नाहीत, ते मला कळलं. बोलण्यासारखं नव्हतंच ते.

संध्याकाळी मावशी कठड्यापाशी आली. तिने तो तुकडा अचूक शोधला आणि त्यावरून बोट फिरवलं. तिला दचकायला झालं नाही. एकच गोष्ट अकरा वर्षं घडत राहिली की माणसं तिला दचकत नाहीत, मग ती गोष्ट कितीही भयंकर असो. पण ठसा टिकत नसे. सकाळपर्यंत कागद पुन्हा सपाट. एकदा ताजा ठसा घेऊन ती तशीच ताईच्या दारात गेली होती. ताईने दाराआडूनच सांगितलं, “कागदावर काहीही उमटवता येतं.”

आठव्या दिवशी ती गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेली. “मिस्त्री, चौथ्या रांगेतली डावी गादी पुन्हा उसवून बघता का?”

“मावशी, अकरा वर्षांत ती गादी तीनदा बदलली. दांडा एकदा बदलला. खुर्ची तर मागच्याच वर्षी नवी टाकली. त्या वेळचं तिथे आता काहीही नाही.”

“जागा तर तीच आहे ना?”

मिस्त्रीने पान्याच्या टोकाने कान खाजवला. “जागा बदलायचा पाना नाही माझ्याकडे.”

दहावा दिवस उजाडला. दुपारपर्यंत माझ्यातून नळीचा पुठ्ठा दिसायला लागला. शेवटच्या फेरीला दोन बोटांचा एकच तुकडा उरला, तो मी. नळी कचऱ्यात गेली. मावशीने आरसा स्वतःकडे वळवला, कान कोरडा पुसला आणि मला आपल्या फाटक्या पाळीवर लावलं. अकरा वर्षांत ती गाडीत बसली नव्हती. दुसऱ्यांच्या कानांना सांगून सांगून तिच्या स्वतःच्या कानाला धडकी भरली होती.

गाडी सोडणारा बटणवाला हसला. “मावशी, झाकतेस काय? आत आहे तरी काय?”

“अजून काही नाही,” मावशी म्हणाली आणि चौथ्या रांगेत डावीकडे जाऊन बसली.

गाडी चढताना तिच्या कानात नाडी उडत होती. मला ती आतून धक्के देत होती. टोकावर तिने डोळे मिटले. पडताना ती ओरडली नाही. उलटा वळसा आला, पार्क डोक्यावर गेलं, आणि ते आलं. गार, गोल. एक मणी, दुसरा मणी, चेपलेला तिसरा. या वेळी ते ओलंही होतं. माझा डिंक तिथे क्षणभर विरघळला.

गाडी सरळ झाली. मी वाट पाहिली. ते गेलं नाही.

मावशी उतरली. तिचा हात कानाशी गेला आणि तिथेच राहिला. “काय मावशी, मिळालं का काही?” बटणवाल्याने विचारलं. मला न सोलता ती कठड्यावरून पुढे गेली. वारा चांगला सुटला होता. कठड्यावरचा एकही तुकडा फडफडला नाही.

ती थेट तिसऱ्या मजल्यावर ताईच्या दारात. दाराला साखळी.

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

“धाकटी.”

दार साखळीपुरतं उघडलं. मग, “ते छाप घेऊन आली असशील, तर आलीस तशी जा.”

“कागद नाही आणला. कान आणलाय. हात लावून बघ.”

फटीतून एक हात बाहेर आला. म्हातारा, भांडी घासून खरखरीत झालेला. त्याचं एक बोट माझ्यावर टेकलं आणि सरकत गेलं. पहिला मणी. दुसरा. तिसऱ्यावर ते थांबलं. नख त्या चेपलेल्या खळग्यात बसलं, जसा काही तो मोजूनच केलेला होता. मग साखळी निघाली.

“हा मी चावला होता,” ताई म्हणाली.

“काय?”

“मणी. लहानपणी. सोनं खरं का खोटं ते बघायला. आणि आईला सांगितलं, धाकटीने आपटला. तू दोन दिवस रडत होतीस, मी नाही, मी नाही म्हणून.”

“मला नाही आठवत.”

“मला आठवतं ना. आपलं एक खोटं पचलं की दुसऱ्याचं खरंसुद्धा खोटं वाटायला लागतं, धाकटे.” तिने माझा कोपरा नखाने उचलला. मावशीने तिचं मनगट धरलं.

“नको, ताई. काढलीस, आणि खाली काहीच नसलं तर?”

ताईने विचार केला. “तर मी पुन्हा म्हणेन, लपवलीस.”

आधी कोण हसलं, मला कळलं नाही. मी कानावर होते, दोघींचं हसू एकदमच आलं. मग ताईने कोपरा पुन्हा दाबून बसवला, आतून डबी आणली आणि दुसरी रिंग धाकटीच्या उजव्या कानात घातली. “या आठवड्यात तुझा नंबर,” ती म्हणाली.

याला सतरा दिवस झाले. गाड्या भंगारात गेल्या, रूळ उतरवले, कठडा कापून नेला. दर रविवारी उजव्या कानातली रिंग एका बहिणीकडून दुसरीकडे जाते. मी मात्र डाव्या कानावर जागच्या जागी. मावशी आंघोळ करताना मला जपते, झोपताना या कुशीवर वळत नाही. मी कुणाच्या इतक्या कामाला येईन, असं खोक्यावर लिहिलं नव्हतं.

खाली काय आहे, ते फक्त मला माहीत आहे. फाटलेल्या पाळीचे दोन भाग तिच्याभोवती हळूहळू जवळ येताहेत. आणि रोज संध्याकाळी, शेवटची गाडी सुटायच्या वेळेला, ती माझ्याखाली एकदा पूर्ण फिरते. वर, पालथी, पुन्हा सरळ. रूळ राहिले नाहीत, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगत नाही.

पण माझा डिंक वाळत चाललाय. एक कड कालच वर वळली, आणि या वेळी ती हसण्याने वळली नव्हती. बाळांनो, वेगात फिरायला जाल तेव्हा लोंबतं ते काढा, निघत नाही ते झाका, आणि उतरल्यावर आमच्यासारखीला ओरबाडू नका, कडेने भिजवून सोडवा. माझ्यासाठी मात्र एकच मागणं आहे. मी सुटेन ती वेळ संध्याकाळची असेल, ती फिरत असताना. त्या वेळी दोघींपैकी जी जवळ असेल, तिने या कानाखाली ओंजळ धरावी.

आणि ती लगेच उघडून पाहू नये.