बेळ्ळंदूरला नेलेली मिरची

लेकीला द्यायचं रोप निवडायला व्यंकटेशनं मला, त्याच्या जुन्या मित्राला, बरोबर नेलं, यावरूनच त्याची अवस्था ओळखा. माझ्या हाताला गवतसुद्धा येत नाही. एक दुधी तेवढा आला होता, तो कुंपण ओलांडून के. आर. पुरमच्या स्टेशनात शिरला आणि तिकीट नाही म्हणून टीसीनं त्याला बाहेर काढलं. पण ते असो.

शिल्पाश्रीनं पुण्याच्या प्रणीतशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. आता तिनं बेळ्ळंदूरला उंच इमारतीत घर घेतलं होतं. गृहप्रवेशाचं आमंत्रण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, सगळ्यांना मिळून एकच. "मला वेगळं कुठं बोलावलंय," असं म्हणत व्यंकटेश ते पुन्हा पुन्हा उघडून बघायचा.

"तुझ्या साड्यांच्या दुकानातली एखादी साडी ने की," मी म्हटलं.

"साडी परत पाठवता येते. झाड कोण परत पाठवतं?"

नर्सरीवाल्या शिवकुमारनं गुलाब पुढे केला.

"काटे आहेत. म्हणेल, अप्पा अजून टोचतात."

तुळस दाखवली.

"म्हणेल, आल्या आल्या शिकवायला लागले."

मनी प्लांट दाखवला, तर व्यंकटेश खाली बघायला लागला. "जावयाच्या पगारावरून बोललो होतो मी तेव्हा."

"अण्णा, तुम्हाला रोप पाहिजे की वकील?" शिवकुमार म्हणाला.

मग मी मध्ये पडलो. माझ्या चुलत्यानं रुसलेल्या बायकोला मोगरा धाडला होता, तर ती म्हैसूरहून वास घेत चालत आली आणि तिच्यामागून अर्धं म्हैसूर आलं. त्या सगळ्यांना जेवू घालता घालता चुलता पुन्हा एकटा राहायचा विचार करू लागला.

"शिल्पाला मोगऱ्यानं शिंका येतात," व्यंकटेश म्हणाला आणि मिरचीच्या रोपापाशी थांबला. "शाळेतून आली की भाताबरोबर हिरवी मिरची लागायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण सोडायची नाही."

"इतकी हट्टी कुणावर गेली, देव जाणे," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बोटानं एका पानावरची धूळ पुसली. "सरी, ठीक आहे, हेच द्या."

गृहप्रवेशाच्या दिवशी दार प्रणीतनं उघडलं. आम्हाला बघून आधी गडबडला, मग दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "या ना अप्पा. द्या, मी घेतो."

व्यंकटेश एक पाऊल मागे सरकला आणि त्यानं कुंडी उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवली.

मिरची हातात देऊ नये, भांडण होतं, हे पुण्यातही ठाऊक असेल. पण तो नियम रोपालाही लागतो, अगदी कुंडीसकट, हे आमच्याच घरांत. जमिनीवर ठेवायची, समोरच्यानं उचलायची. बिचाऱ्या पोराला काय कळणार. त्याचे हात तसेच हवेत राहिले.

"आत येणार नाही का तुम्ही? डिलिव्हरी करून जाणार?"

मी, ज्याला दुधीसाठी टीसी सापडतो, त्याला साधं एक वाक्य सापडेना. व्यंकटेश खरंच लिफ्टकडे वळला.

तेवढ्यात शिल्पाश्री बाहेर आली, हात हळदीनं पिवळे. तिनं कुंडी पाहिली, बापाची पाठ पाहिली.

"जात नाहीयेत ते," ती नवऱ्याला म्हणाली. "मिरची आहे. मी उचलावी म्हणून ठेवलीय."

ती वाकली, पण कुंडीला हात न लावता पुन्हा उभी राहिली.

"अप्पा, हातात द्या."

व्यंकटेश वळला. "भांडण होतं, बाळ."

"होऊ दे. भांडायला तरी आत याल."

त्यानं कुंडी उचलली. पुढे करताना ती तिरकी झाली आणि निम्मी माती रांगोळीवर सांडली. तिनं पिवळ्या हातांनी कुंडी घेतली, आणि बराच वेळ ती दोघांनीही धरलेली होती.

पाटावर बसून मी द्रोण पुढे ओढतोय, तोवर गॅलरीतून आवाज यायला लागले.

"ऊन इकडून येतं, इथंच ठेव."

"माझ्या घरात ऊन कुठून येतं ते मला माहीत आहे, अप्पा."

"तू कधी ऐकलंयस माझं?"

"तुम्ही कधी विचारलंयत मला?"

प्रणीत घाबरून माझ्याजवळ आला. "काका, मी मध्ये पडू का?"

"बस इथं," मी म्हटलं. "आणि मला स्वल्प पायस वाढ. हे जेवणं होईपर्यंत चालणार."