ज्यांना विचारायचं नाही

"ओटीपी आला का, अण्णा?"

"फोन पोराकडं हाय की, अक्का. त्यो मारतहळ्ळीला गेलाय कामावर."

दाराशी बसवलेल्या नव्या स्क्रीनसमोर मल्लाप्पा डायलिसिसचं कार्ड धरून उभे होते. मागे सात जण. अनुसूया अक्का रिसेप्शनच्या खुर्चीवरून उठल्या.

"खाऊन आलात?"

"दोन इडल्या."

"सरी, बरं, जा आत," म्हणत त्यांनी वहीत नाव लिहिलं आणि माझ्याकडे वळल्या. शिवाजीनगरच्या या धर्मादाय दवाखान्यात त्या एकतीस वर्षं बसत होत्या. शनिवारी निवृत्त होणार होत्या; त्यांच्या जागी ती स्क्रीन काम करणार होती. तिचा प्रोग्राम मी लिहिला होता.

"विद्या, तुझं मशीन सगळ्यांनाच का अडवतं गं?"

मी समजावलं. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक मागणी आधी एका फंक्शनमधून जाते. त्याला मिडलवेअर म्हणतात. ते ओटीपी तपासतं, मगच पुढे सोडतं. मी ते सगळ्या पानांच्या आधी एकदाच लावलं होतं. तसं करणं सोपं होतं.

"म्हणजे वॉचमनच की. पण वॉचमन माणसं ओळखतो. मल्लाप्पाण्णा चार वर्षं येतायत, त्यांना काय विचारायचं?"

"मग सगळ्यांना सोडू?"

"छे! रिपोर्ट मागणाऱ्याला विचारायचंच. एका बाईचा दीर आला होता तिचा रिपोर्ट मागायला. चांगला ओरडत होता. दिला नाही मी."

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं. दुपारभर अक्का सांगत होत्या आणि मी अटी लिहीत होते. रिपोर्ट असेल तर तपासायचं. नवीन पेशंट असेल तरी तपासायचं. डायलिसिसचं कार्ड असेल आणि आजच्या यादीत नाव असेल, तर फक्त हजेरीपुरतं न तपासता पुढे सोडायचं. अक्कांच्या एकतीस वर्षांच्या अनुभवाच्या कोडमध्ये नऊ ओळी झाल्या. मी दोनदा मोजल्या.

शनिवारी हार झाला, म्हैसूरपाक झाला. पायऱ्या उतरताना अक्का थांबल्या.

"सोमवारी मल्लाप्पाण्णांना दारात उभं करू नको हं. स्वल्प वेळ उभं राहिलं तरी पाय सुजतात त्यांचे."

सोमवारी मी माझ्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसला न जाता दवाखान्यात आले. अक्कांच्या खुर्चीवर स्क्रीनचं रिकामं खोकं ठेवलेलं होतं. मल्लाप्पांनी कार्ड दाखवलं. दोन सेकंदांत अक्षरं उमटली: मल्लाप्पा, बेड तीन.

ते हलले नाहीत.

"झालं, अण्णा. जा ना आत."

"त्यानं कायच इचारलं न्हाई."

"आता ओटीपी लागत नाही तुम्हाला."

"त्ये न्हवं, बाई."

मागचा माणूस पुढे सरकला. मल्लाप्पांनी कार्ड खिशात ठेवलं, त्या खुर्चीकडे वळले आणि हळूच म्हणाले,

"दोन इडल्या खाल्ल्या, अक्का."

मग आत गेले.