सतराव्या होलवरचा सल्ला

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, गोल्फच्या अंतिम सामन्यात, सतराव्या होलवर सासऱ्यांनी सुनेला सल्ला दिला. सल्ला बरोबर होता. पण तो दिल्यामुळे त्यांनी होल गमावला.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी एवढं सांगायला हवं, की समोरासमोरच्या सामन्यात एकूण फटके मोजत नाहीत, होल मोजतात. कमी फटक्यांत ज्याचा चेंडू खळग्यात गेला, तो होल त्याचा. अठरांपैकी ज्याचे जास्त, तो जिंकला. आणि फटका कसा मारायचा हे प्रतिस्पर्ध्याला सांगायला बंदी आहे. सांगणाऱ्याच्या हातून तो होल जातो, मग ऐकणारा परका असो की एकाच ताटाळ्यातली भांडी वापरणारा.

सासरे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. अर्ध्या शहराने त्यांच्याकडून गाडी शिकली आहे, आणि पाण्याच्या टाक्यांमागच्या सार्वजनिक मैदानावर त्यांना सगळे क्लचमास्तर म्हणतात. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून आयुष्य गेल्यामुळे दुसऱ्याची चूक होण्याआधीच त्यांचा उजवा पाय दाबला जातो आणि पाठोपाठ तोंड उघडतं. हे गाडीत होतं, तसं दुकानाच्या रांगेतही होतं आणि टीव्हीसमोरही.

सून बेकरीत केकवर आयसिंगची नक्षी काढते. तिच्या हातात पहिल्यांदा गोल्फचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, दिला तो सासऱ्यांनीच. तेव्हापासून मैदानावरून घरी येताना प्रत्येक सिग्नलला एक सूचना ठरलेली. डोकं वर काढू नकोस. आधी खांदा वळव. गुडघा सैल सोड. मनगट मोडू नकोस. गाडी फाटकाशी पोचेपर्यंत आपला गुडघा कुठला आणि मनगट कुठलं, हेच तिला आठवेनासं व्हायचं. दुसऱ्या दिवशी खेळ आदल्या दिवसापेक्षा वाईट.

उपाय सासूबाईंनी काढला. त्यांनी आयुष्यात क्लब हातात धरलेला नाही. एकदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "सगळं ऐकायचं, आठवड्याला एकच घ्यायचं. बाकीचं खिडकीतून बाहेर. मी संसार असाच केलाय."

सुनेने तसंच केलं. पहिला आठवडा फक्त पकडीचा. क्लब आवळायचा नाही, हे सासरे कधीपासून सांगत होते. पण आयसिंगची पिशवी आवळली की फूल बसकं येतं, हे आठवलं तेव्हा तिला ते हातात कळलं. पुढच्या आठवड्यात ठरवलं, की लांबच्या फटक्याला वाटतो त्यापेक्षा एक मोठा क्लब घ्यायचा आणि जोर कमी लावायचा. मग खळग्यात रोवलेल्या झेंड्यावर नेम धरणं सोडलं. झेंडा कुठेही असो, बारीक कापलेल्या हिरवळीच्या, म्हणजे ग्रीनच्या, मधोमध चेंडू टाकायचा. बाकीचे लोक लांब फटक्यांच्या सरावात घाम गाळायचे तेव्हा ही ग्रीनच्या कडेला छोटे छोटे फटके मारत बसायची, कारण सर्वांत जास्त फटके खर्च होतात ते तिथेच. हा सराव बघून मैदानाच्या कॅन्टीनमध्ये तिचं हसं व्हायचं. गेल्या वर्षी ती उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि सासऱ्यांकडून हरली, तेव्हा हसू थांबलं आणि दुसरं बोलणं सुरू झालं. क्लब तिच्या हातात असतो, पण खेळतो मास्तरच. सासरा दोन्ही बाजूंनी खेळतोय, हरणार कोण?

ते बोलणं तिच्या कानावर आलं. यंदा अंतिम सामन्यात पुन्हा हीच जोडी लागली. जिंकेल तो पुढच्या महिन्यात शहरांच्या स्पर्धेत मैदानाच्या वतीने उतरणार होता. तिला ती जागा हवी होती. त्याहून जास्त हवा होता तो एक विजय, ज्यात सासऱ्यांचा हात दाखवता येणार नाही. हे तिने नवऱ्याला आदल्या संध्याकाळी स्पष्ट सांगितलं होतं. नवरा म्हणाला, की एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला बायको असताना टाळ्या वाजवायला दोन हात पुरत नाहीत, तेव्हा तो घरी थांबून लेकीला सांभाळेल.

सामना सुरुवातीपासून अटीतटीचा झाला. सासऱ्यांचे फटके लांब जात होते, सुनेचे सरळ. सोळा होल झाले तेव्हा बरोबरी होती. सासरे तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. पाय मात्र दोनदा दाबला गेल्याचं दोरीबाहेर उभ्या सासूबाईंनी पाहिलं होतं.

सतराव्याला दोघांचे दोन-दोन फटके झाले. सासऱ्यांचा चेंडू झेंड्याजवळ जाऊन बसला. एका हलक्या टोल्याचं काम. सुनेचा चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात पडला, तोही पुढच्या उंच काठाला खेटून. होल जवळजवळ मास्तरांचा होता. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं.

सून वाळूत उतरली. क्लब उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. सासऱ्यांचा उजवा पाय गवतात दाबला गेला.

"वाळूत पाय रुतव. चेंडू मारू नकोस, त्याच्या मागची वाळू मार. आणि मध्येच थांबू नकोस."

पंच म्हणून औषधाच्या दुकानाचे मालक होते. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "मास्तर," ते म्हणाले, "हे तुम्ही घरी बोललात असं मला म्हणता येणार नाही."

सुनेने सांगितलं, की तिने काही ऐकलंच नाही. पंच म्हणाले, ऐकलं की नाही हा प्रश्न नाही, बोललं गेलं. होल सुनेचा. मग निदान फटका तरी मारू द्या, असं तिने म्हणून पाहिलं. तेही जमणार नव्हतं. होल संपल्यावर ग्रीनवर चेंडू घरंगळवून पाहायला हरकत नसते, वाळूतून सराव करायला असते. तिने वाकून चेंडू उचलला. वाळूत त्याची छोटी वाटी तशीच राहिली.

आता ती एका होलने पुढे होती आणि एकच होल उरला होता. बरोबरी साधली तरी चषक तिचा. दोरीबाहेर कुजबुज सुरू झाली. तिला शब्द ऐकू आले नाहीत, पण ते काय असणार हे तिला पाठ होतं.

अठराव्याकडे चालताना तिने विचारलं, "बाबा, मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम? अगं, तू वाळूत उभी होतीस. मी तुझ्याविरुद्ध खेळतोय हेच विसरलो."

त्यांचा चेहरा पडला होता. खरंच पडला होता की पाडला होता, हे तिला ओळखता आलं नाही. तिने ओळखायचा प्रयत्नही सोडून दिला. शेवटच्या होलवर ते कामाचं नव्हतं.

अठराव्याला सासऱ्यांनी सर्वांत लांब क्लब काढला आणि वर्षभरातला सर्वांत चांगला फटका मारला. सुनेने एक लहान क्लब घेतला आणि चेंडू मैदानाच्या सर्वांत रुंद भागात ठेवला. दुसऱ्या फटक्याला झेंडा डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या डबक्याकडे होता. तिने तिकडे पाहिलंही नाही. एक मोठा क्लब, कमी जोर, ग्रीनचा मध्य. चेंडू पोचला. झेंड्यापासून लांब, पण पोचला. सासऱ्यांनी झेंड्यावरच नेम धरला, चेंडू ग्रीनच्या कडेवरून घसरला, तिसऱ्या फटक्यात वर आला आणि मग त्यांनी लांबून एक असा टोला घातला, की कॅन्टीनचा आचारीही हातातलं फडकं टाकून टाळ्या वाजवू लागला. त्यांचे चार झाले.

सुनेचे दोन झाले होते. आणखी दोन टोल्यांत चेंडू खळग्यात घातला, की बरोबरी आणि चषक. शहाणपणाचं खेळायचं तर चेंडू हळूच खळग्याजवळ नेऊन ठेवायचा. एका टोल्यात घालायला जावं आणि चेंडू उताराने पुढे पळाला, तर होल जायची, सामना लांबायची भीती. पण बरोबरीत जिंकलेला चषक हा वाळूतल्या सल्ल्याचाच चषक झाला असता.

ती खळग्याच्या पलीकडे गेली आणि तिथून चेंडूकडे पाहत चालत आली. उतार तिने डोळ्यांपेक्षा तळव्यांनी जास्त पाहिला. तिची रीत अशी, की आधी अंतर ठरवायचं, मग दिशा. अंतर चुकलं तर दिशा बरोबर असून उपयोग नसतो. चेंडू थांबला तर खळग्याच्या वीतभर पुढे थांबावा, एवढा जोर. मागे राहिलेला चेंडू कधीच आत जात नाही.

सासऱ्यांनी टोपी काढून दोन्ही हातांनी तोंडावर धरली. पाय दाबलेलाच होता.

सुनेने पकड सैल केली, केकवर नाव लिहायच्या आधी करते तशी. टोला दिला आणि मान वर केली नाही. चेंडू उजवीकडे गेला, उताराने डावीकडे वळला, खळग्याच्या कडेशी आला, आणि तो आत पडलेला दिसण्याआधी तिला पडल्याचा आवाज ऐकू आला.

टोपी बाजूला करून सर्वांत आधी ओरडले ते सासरेच. तिने क्लब आकाशात फेकला, जे नियमात बसतं की नाही हे पंचांनी त्या दिवशी तपासलं नाही. तिने सासऱ्यांना वाकून नमस्कार वगैरे केला नाही. त्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला, बरोबरीच्या खेळाडूचा हलवतात तसा. दोन होलनी विजय. बेकरीच्या मालकाने संध्याकाळी चषक खिडकीत केकांच्या रांगेत मांडला. शहरांच्या स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं आहे.

कॅन्टीनमध्ये आता अठराव्याबद्दल कुणी शंका घेत नाही. तो टोला कुणाचा, हे सगळ्यांनी पाहिलं. पण पंचांनीच चहा पिता पिता हिशेब मांडला. सतरावा मास्तरांनी रीतसर घेतला असता, तर अठराव्यानंतर बरोबरी झाली असती. मग सगळं येऊन थांबतं वाळूतल्या त्या न मारलेल्या फटक्यावर.

सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलेय. पाय दाबला तो खरा होता. तोंडाचं मला विचारू नका."

सोमवारी जेवताना सुनेने सासऱ्यांना सांगितलं, की ती त्याच जागी चेंडू ठेवून तो फटका मारणार आहे. त्यांनी समोर उभं राहायचं, आणि बोलायचं नाही. सासऱ्यांनी मान डोलावली.

मंगळवारी दोघं मैदानावर गेले. सतराव्याच्या बंकरभोवती दोरी बांधलेली होती; जुनी वाळू काढून नवी भरायचं काम सुरू आहे. काम कधी संपेल, हे माळ्याला सांगता आलं नाही.